दोन्ही ठिपके सारखेच

ॲपमध्ये हिरवा म्हणजे ‘झालं’ आणि लाल म्हणजे ‘थांबा’, हे आपण गृहीतच धरतो. पण ज्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही, त्याचं काय? कॉलेज फेस्टमधल्या एका घोळापासून सुरू झालेली ही शोधाशोध.

सकाळचे पावणेआठ. आमच्या फेस्टचा पहिला दिवस. रजिस्ट्रेशन डेस्कवर मी आणि एफवायची दोन पोरं, तिघंही अर्धवट झोपेत, हातात कटिंग. तेवढ्यात पाठीला गिटारची बॅग लावलेला एक मुलगा आला. पहाटेची गाडी पकडून नाशिकहून आलेला. सोलो सिंगिंग. यादीत त्याचं नाव शोधलं. होतं, पण वेटिंगमध्ये, चौदावं. सगळे स्लॉट भरलेले.

“पण ॲपवर तर कन्फर्म दाखवतंय,” तो म्हणाला आणि त्याने फोन पुढे केला. त्याच्या नावापुढे एक ठिपका होता. लाल. मी जरा वैतागूनच म्हटलं, “हा रेड आहे ना? रेड म्हणजे वेटिंग. ग्रीन असता तर कन्फर्म.” त्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळू आवाजात म्हणाला, “मला दोन्ही ठिपके सारखेच दिसतात.”

माझ्या शेजारच्या पोरांना यातली गंमत तेवढी कळली. “म्हणजे माझा टी-शर्ट कुठल्या कलरचा दिसतो?” “आणि हा बोर्ड?” तो हसून उत्तरं देत राहिला. हे प्रश्न त्याला शाळेपासून पाठ असणार, हे त्या हसण्यावरूनच कळत होतं.

आम्ही धावपळ केली. इव्हेंट हेडला विचारलं, जजेसना विचारलं. पण त्याला एक स्लॉट दिला असता, तर वेटिंगमधल्या आधीच्या तेरा जणांना काय सांगणार होतो? दुपारपर्यंत तो प्रेक्षकांत बसला, दोन-तीन गाणी ऐकली आणि निघून गेला. गिटारची बॅग त्याने उघडलीच नाही.

आता खरी गोष्ट सांगते. ते ठिपके मी ठरवले होते. ॲप आयटीच्या मुलांनी बनवलं होतं, पण रंग, फॉन्ट, आयकॉन हे सगळं ‘क्रिएटिव्ह्ज’कडे, म्हणजे माझ्याकडे होतं. आणि त्यांच्या पहिल्या व्हर्जनमध्ये प्रत्येक नावापुढे चक्क ‘कन्फर्म्ड’ आणि ‘वेटिंग’ असे शब्द होते. स्क्रीन क्लीन दिसावी म्हणून ते शब्द मीच काढायला लावले. लाल-हिरवा कुणालाही कळतो की, असं मी तेव्हा म्हटल्याचं मला नीट आठवतंय.

आजोबांचे टोमॅटो

फेस्ट संपल्यावर मी त्याला सॉरीचा मेसेज केला. पुढे या पानासाठी लिहायचं ठरलं तेव्हा, बोलशील का, असंही विचारलं. बोलला, नाव छापायचं नाही या अटीवर. कारण? “टी-शर्टचा कलर विचारतील सगळे.”

रंगांधळेपणा म्हणजे जग जुन्या सिनेमासारखं ब्लॅक अँड व्हाइट दिसणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. काहीच रंग न दिसणारी माणसं फारच थोडी असतात, साधारण तीस हजारांत एक. बहुतेकांना रंग दिसतात. फक्त काही रंग एकमेकांत मिसळतात. आपल्या डोळ्यातल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातला लाल किंवा हिरव्या प्रकाशाचा एक प्रकार नसला, किंवा असूनही थोडा वेगळा वागला, की लाल, हिरवा, तपकिरी, केशरी ही सगळी मंडळी एका कुटुंबातली वाटायला लागतात. निळा आणि पिवळा मात्र ठणठणीत वेगळे दिसतात. काहींना लाल नुसता वेगळा दिसत नाही असं नाही, तो काळपटही दिसतो. म्हणजे आपण ज्या लाल रंगात ‘धोका’ असं ओरडून सांगतो, तोच त्यांच्या स्क्रीनवर सगळ्यात मवाळ.

हा प्रकार मुलांमध्येच जास्त का, हे बारावीच्या बायोलॉजीत आपण घोकलेलं असतं. या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाकडे एक्स एकच. तो बिघडला की संपलं. मुलीकडे दोन, त्यामुळे एक चांगला असला तरी बहुधा भागतं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण ८ टक्के आणि स्त्रियांमध्ये अर्धा टक्का आहे. आशियाई पुरुषांमध्ये ते त्याहून थोडं कमी धरतात. थोडं कमी म्हटलं तरी शंभर मुलांच्या वर्गात दोन-चार जण निघायला हरकत नाही. तुमच्या वर्गातले ते दोन-चार कोण, माहीत आहे? मलाही नव्हतं.

माझ्या या मित्राला (आता मित्रच म्हणते) हा एक्स आईकडून आला आणि आईला तिच्या वडिलांकडून. आजोबा बाजारात टोमॅटो निवडायची वेळ आली की आजीलाच पुढे करायचे. सगळ्यांना वाटायचं, आळशी आहेत. नातू सातवीत असताना शाळेतल्या डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर आलं आणि त्याला त्यातला आकडा दिसेना, तेव्हा आजोबांचाही उलगडा झाला. ते पुस्तक म्हणजे इशिहारा चाचणी. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी ती १९१७मध्ये प्रसिद्ध केली आणि शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे तीच काढतात.

त्याच्याही आधी या गोष्टीवर पहिला शास्त्रीय निबंध वाचला तो जॉन डाल्टन यांनी, १७९४मध्ये, मँचेस्टरला. हो, अणुसिद्धांतवालेच डाल्टन. त्यांना दिवसा आकाशी दिसणारं जिरेनियमचं गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात लालसर दिसलं, आणि हा बदल भावाशिवाय दुसऱ्या कुणाला जाणवेना, तेव्हा त्यांना आपल्या नजरेचा संशय आला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार, असा त्यांचा अंदाज. मृत्यूनंतर डोळे तपासा, असं सांगून ठेवलं. १८४४मध्ये तपासले, तर द्रव स्वच्छ. पण डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले होते. १९९५मध्ये त्यातल्या डीएनएची तपासणी झाली, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे हिरव्या प्रकाशाच्या पेशींचं जनुकच नव्हतं. दीडशे वर्षांनी लागलेला रिझल्ट!

पॉवर बँकेचा दिवा

“तुला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?” असं विचारल्यावर मला वाटलं, तो सिग्नल म्हणेल. पण सिग्नलला त्याला अडचण नाही. वरचा लाल, खालचा हिरवा. जागा पाठ आहे. त्याने पहिलं नाव घेतलं पॉवर बँकेचं. एकच बारीक दिवा, चार्ज होताना लाल आणि झाल्यावर हिरवा. “मी रात्रभर लावून ठेवतो. कधी झालं कळतच नाही.” मग इअरबड्सची डबी. मग पीपीटीतले पाय चार्ट, ज्यात पाच रंगांच्या फोडी आणि कोपऱ्यात पाच बारीक चौकोन. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तो पाय चार्टवर कधीच बोलत नाही, ती स्लाइड दुसऱ्याला देतो. मग मॅपवरचा ट्रॅफिक.

आणि बारावीतली मॉक टेस्ट. यावर तो बराच वेळ बोलला. एंट्रन्सच्या ऑनलाइन परीक्षेत स्क्रीनच्या बाजूला प्रश्नांच्या नंबरांची पेटी असते, ती ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांना स्वप्नातही दिसते. उत्तर दिलेला प्रश्न हिरवा, पाहून सोडून दिलेला लाल, पुन्हा बघायचा म्हणून ठेवलेला जांभळा. जेईई मेनच्या पेटीत रंगांबरोबर चिन्हांचे आकारही वेगवेगळे आहेत. पण तो ज्या क्लासचं मॉक टेस्टचं ॲप वापरायचा, त्यात सगळे चौकोन एकाच मापाचे, फरक फक्त रंगाचा. शेवटच्या दहा मिनिटांत बाकीचे सरळ लाल चौकोनांवर जायचे. हा प्रत्येक नंबर उघडून बघायचा, उत्तर दिलंय की नाही. एकदा तर सात प्रश्न तसेच राहिले, कारण त्याला वाटलं, झालेत. वर्षभर त्याचा स्कोअर इतरांपेक्षा मागे आणि सरांचा शेरा ठरलेला: टाइम मॅनेजमेंट सुधार.

“मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? मला जे दिसत नाही ते सगळ्यांना दिसतं, हे मलाच किती उशिरा कळलं.”

हे वाक्य ऐकून मी नोट्स घेणं थांबवलं. आपण ॲप बनवतो, मित्रांना दाखवतो, ‘कुणाची काही तक्रार नाही’ म्हणून लाँच करतो. ज्याला अडचण आहे त्याला अडचण आहे हे कळायलाच मार्ग नसेल, तर तक्रार येणार कुठून?

एका त्रिकोणाची कमाल

याचं उत्तर काय, हे शोधायला मी मोठमोठे डिझाइनचे लेख वाचायला बसले होते. पण सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या किचनमध्ये, बिस्किटाच्या पुड्यावर सापडलं. शाकाहारी पदार्थांवर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो. मांसाहारी पदार्थांवर पूर्वी तपकिरी चौकोनात तपकिरी ठिपका असायचा. आकार तोच, माप तेच, फरक फक्त रंगाचा; आणि रंगही नेमके असे, जे लाल-हिरवा न ओळखणाऱ्याला एकसारखे दिसतात! उपवासाला किंवा घरच्या नियमाने मांसाहार न करणाऱ्या एखाद्याने पुडा हातात घेऊन काय करायचं? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांत मांसाहाराच्या चिन्हातला ठिपका जाऊन तिथे त्रिकोण आला. रंग तपकिरीच राहिला. ज्यांना रंग दिसतो त्यांना काही फरक पडला नाही, बऱ्याच जणांच्या लक्षातही आला नसेल. ज्यांना दिसत नाही, त्यांना आता गोल की त्रिकोण एवढंच बघायचंय.

डिझाइनवाल्यांचं सगळं म्हणणं या त्रिकोणात आलं. रंग काढून टाका, असं कुणी म्हणत नाही. रंग वापरा, मस्त वापरा, पण त्याला एकट्याला कामाला लावू नका. सोबत एक शब्द द्या, आकार द्या, किंवा ठरलेली जागा द्या.

एकदा हे डोक्यात बसलं की सगळीकडे दिसायला लागतं. मुंबईच्या लोकलचा इंडिकेटर बघा: फास्टला एफ, स्लोला एस. अक्षर आहे, रंग पुसट झाला तरी गाडी चुकत नाही. महिलांच्या डब्यावर पट्ट्यांबरोबर बाईचं चित्रही असतं. क्रिकेटच्या ॲपमध्ये ओव्हरचे सहा बॉल सहा गोलांत दिसतात. विकेटचा गोल लाल असेलही, पण आत डब्ल्यू लिहिलेलं असतं. कँडी क्रशमध्ये लाल गोळी लांबुळकी आणि हिरवी चौकोनी आहे; नुसत्या रंगांवर तो गेम चालला असता, तरी त्यांनी आकार वेगळे केले. अमंग असमध्ये वायर जोडायच्या टास्कमध्ये सुरुवातीला फक्त रंग होते, नंतरच्या अपडेटमध्ये वायरींना चिन्हं आली. आणि ऊनो, ज्यात रंग हाच खेळ आहे, त्याचीही २०१७मध्ये वेगळी आवृत्ती निघाली. मिगेल नेव्हा या पोर्तुगीज डिझायनरने ‘कलरॲड’ नावाची चिन्हांची लिपी तयार केली आहे. लाल, पिवळा, निळा यांना एकेक चिन्ह आणि पिवळ्या-निळ्याची चिन्हं जोडली की हिरव्याचं. ती चिन्हं त्या पत्त्यांवर छापली आहेत. मला ही कल्पना फार आवडली, कारण यात नुसती ओळख नाही, कोणता रंग कशातून होतो हेही कळतं.

जाता जाता एक गोष्ट. रंगाचा अर्थ सगळीकडे एकच असतो, हेही खरं नाही. आपल्या शेअरच्या ॲपमध्ये भाव चढला की हिरवा. चीन आणि जपानमध्ये चढला की लाल. तिथून आलेल्याने आपला स्क्रीन बघितला तर त्याला बाजार कोसळल्यासारखा वाटेल. आकड्यापुढे अधिक-उणे किंवा वर-खाली बाण असला, की दोघंही निवांत.

झेरॉक्सच्या दुकानात

वेबसाइट आणि ॲप सगळ्यांना वापरता यावेत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था मार्गदर्शक नियम काढते. त्यांचं नाव डब्ल्यूसीएजी. पहिली आवृत्ती १९९९ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ची. त्यात १.४.१ क्रमांकाचा नियम आहे, तो साध्या भाषेत असा: माहिती सांगायला, कृती सुचवायला किंवा दोन गोष्टींतला फरक दाखवायला रंग हा एकमेव मार्ग ठेवू नका. या नियमाची पातळी ‘ए’, म्हणजे अगदी किमान. परीक्षेच्या भाषेत, पासिंगचे मार्क. आमचं फेस्टचं ॲप यात सरळ नापास.

हे तपासायला कोडिंग यायला लागत नाही. माझी आवडती टेस्ट कॉलेजच्या गेटबाहेरची आहे: झेरॉक्सचं दुकान. तुमच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट मारा. आता त्यावरून सगळं कळतंय का? मी आमच्या जुन्या ॲपची प्रिंट काढली. लाल आणि हिरवा ठिपका, दोन्ही जवळपास एकाच करड्या रंगाचे. मलाही कन्फर्म कोण आणि वेटिंग कोण सांगता येईना. दुकानातले काका म्हणाले, “कलर काढून देऊ का, पाच-दहा रुपये जास्त.”

ही टेस्ट जरा जास्तच कडक आहे, हे मान्य. रंगांधळ्या माणसाला निळा-पिवळा दिसतो, प्रिंटमध्ये तोही जातो. पण यात पास झालेली स्क्रीन कुणालाच अडवणार नाही. प्रिंटचे पैसे वाचवायचे असतील तर फोन आहेच. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्क्रीन करडी करायची सोय असते. आयफोनमध्ये कलर फिल्टर्स असतात. लॅपटॉपवर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘रेंडरिंग’ या टॅबखाली, वेगवेगळ्या प्रकारच्या रंगांधळेपणात पान कसं दिसेल ते दाखवणारा पर्याय आहे. मी आमच्या कॉलेजची ॲडमिशनची यादी, माझा सीव्ही आणि माझे इन्स्टाचे हायलाइट्स सगळं त्यातून बघून घेतलं. एक तास गेला. सबमिशन होतं, तरी.

फॉर्म हे तर वेगळंच प्रकरण. एका स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये मी स्वतः अडकले आहे. सबमिट दाबलं की काहीच होत नव्हतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, वर कुठेतरी एका चौकटीची कड लाल झाली होती. तीही बारीक. मला लाल दिसतो, तरी मला ते शोधायला दहा मिनिटं लागली. तिथे ‘मोबाइल नंबर दहा अंकी हवा’ एवढं लिहिलं असतं तर? बसच्या तिकिटाच्या ॲपमध्ये सीटवर नुसता रंग न देता गेलेल्या सीटवर फुली मारता येते. ग्राफमध्ये रंगांची यादी कोपऱ्यात ढकलण्यापेक्षा प्रत्येक रेषेच्या शेवटी तिचं नाव लिहिता येतं, एक रेषा सलग आणि दुसरी तुटक काढता येते. वाक्यातल्या लिंकखाली रेघ ठेवता येते. यात कसलं आलंय हाय-फाय तंत्रज्ञान?

कॉन्ट्रास्ट हा याचा सख्खा भाऊ. अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतकं प्रमाण हवं, असं तेच नियम सांगतात. मोठ्या अक्षरांना आणि आयकॉनना ३ ला १ चालतं. पांढऱ्यावर काळ्याचं प्रमाण २१ ला १ असतं, म्हणजे केवढी जागा आहे बघा. तरीही आपल्याला फिक्या राखाडीवर पांढरी अक्षरंच ‘एस्थेटिक’ वाटतात. भर दुपारी बसस्टॉपवर उभं राहून, ब्राइटनेस कमी करून, तडा गेलेल्या स्क्रीनवर ते एस्थेटिक वाचून बघा एकदा.

शब्द दिला की आणखी एका माणसाचं काम होतं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. ज्यांना अजिबात दिसत नाही ते टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरवर फोन ऐकतात. आमच्या ठिपक्यावर बोट ठेवल्यावर त्यांना काय ऐकू आलं असतं? नाव ऐकू आलं असतं आणि पुढे काहीच नाही. ‘वेटिंग’ हा शब्द मशीन वाचू शकतं. मी क्लटर म्हणून काढून टाकला तो हाच.

वेगळा मोड की सगळ्यांना एकच?

इथे डिझाइनवाल्यांमध्ये दोन तट दिसतात. काही ॲप ‘कलरब्लाइंड मोड’ देतात. वर्डलमध्ये हाय कॉन्ट्रास्ट मोड चालू केला की हिरवा-पिवळा जाऊन केशरी आणि निळा येतो. तुमच्या ग्रुपवर कुणी केशरी-निळे चौकोन शेअर करत असेल तर ते म्हणूनच. ट्रेलोमध्ये लेबलांवर रंगांसोबत नक्षी उमटवता येते. सोय चांगलीच आहे. पण सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली लपवलेली सोय कुणाला सापडणार? ज्याला आपल्याला वेगळं दिसतं हेच माहीत नाही, तो तो मोड शोधणार कसा? माझ्या मित्राचं मत अगदी स्पष्ट आहे. त्याला वेगळा मोड नको. “मला स्पेशल काही नको, सगळ्यांच्याच स्क्रीनवर नीट लिहा.” मलाही तेच पटतं. बिस्किटाच्या पुड्यावरचा त्रिकोण काही सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागत नाही.

गंमत म्हणजे, रंग ठरवणारा स्वतःच रंगांधळा असला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. मार्क झकरबर्गला लाल-हिरवा ओळखता येत नाही. निळा आपल्याला सगळ्यात चांगला दिसतो, असं त्याने २०१०मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं. फेसबुक निळं आहे.

पुण्यातली एक सीट

हा विषय फक्त स्क्रीनपुरता नाही, हे मला पुण्याच्या एफटीआयआयच्या खटल्यातून कळलं. पाटण्याच्या एका विद्यार्थ्याची २०१५मध्ये तिथल्या फिल्म एडिटिंगच्या कोर्ससाठी निवड झाली होती. मेडिकलमध्ये रंगांधळेपणा निघाला आणि प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याची याचिका फेटाळली गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली; समितीने म्हटलं की रंगांधळ्या विद्यार्थ्यांना सगळे कोर्स खुले असावेत. अडचण कलर ग्रेडिंगच्या एका भागाची होती, आणि तो भाग वगळता किंवा ऐच्छिक करता येतो. एप्रिल २०२२मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. सात वर्षं! एका छोट्या भागासाठी अख्खा दरवाजा बंद ठेवला होता. तो भाग बाजूला ठेवता येईल, हे ठरायला सात वर्षं लागली. वाहन परवान्याचंही तसंच. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना देण्याचा बदल जून २०२०मध्ये झाला.

कायद्यात मात्र यांची जागा अधांतरी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे, त्यात रंगांधळेपणा नाही. आरक्षण, सर्टिफिकेट, जादा वेळ, यातलं काही मागता येत नाही. दुसरीकडे ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या एका प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. आणि माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तू-सेवांसाठी आपलं स्वतःचं भारतीय मानकही आहे, आयएस १७८०२. नियम आहेत. प्रश्न आहे तो रात्री दोन वाजता हॉस्टेलमध्ये बसून ॲप बनवणाऱ्या, उद्या लाँच असलेल्या पोरांना ते कुणी सांगितलेत का, हा. माझ्या तीन वर्षांच्या कोर्समध्ये डिझाइनचा पेपर होता. कोणता रंग भूक वाढवतो, ते आम्हाला शिकवलं होतं.

यंदाच्या फेस्टचं ॲप ज्युनियर्स करतायत. मागच्या आठवड्यात त्यांनी स्क्रीन पाठवले, “ताई, एकदा बघ ना.” मी प्रिंट काढली. नावांपुढे पुन्हा ‘कन्फर्म्ड’ आणि ‘वेटिंग’ आलंय, कन्फर्मला भरलेला गोल, वेटिंगला रिकामा. रंग आहेतच, मागच्यापेक्षा छान. एक गोष्ट मात्र त्यांच्याही नजरेतून सुटली: गेटवर द्यायचे रिस्टबँड. पार्टिसिपंटला हिरवा, व्हिजिटरला लाल. त्यावर ‘पी’ आणि ‘व्ही’ छापायला सांगितलंय. प्रिंटरवाला म्हणतो, ऑर्डर गेली, आता मार्करने लिहा. चौदाशे बँड आहेत. शनिवारी बसणार आहोत लिहायला.

त्यालाही मेसेज केला, यंदा येणार का म्हणून. रिप्लाय आला: “रजिस्टर केलंय. वेटिंग, तिसरा. या वेळी वाचता आलं.”